हात जनाबाईचे, ध्यान माझे

शेगडीवरून चहाचा गंज उतरवायला हात पुढे केला आणि हात आलाच नाही. मी त्याला सांगत होते, तो ऐकत नव्हता. मग डाव्या हाताने सांडशी धरली, गंज कलंडला आणि ऊन चहा उजव्या पायावर सांडला. पाय लाल झालेला मला दिसला. भाजल्याचं मात्र कळलं नाही.

गोंदियाजवळ कुडव्याला भाड्याच्या एका खोलीत मी एकटी राहत होते. अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात जन्मभर अंगणवाडी सेविका होते. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. काम सुटल्यावर भावाचा मुलगा विलास कुडव्याला आहे आणि दवाखाना जवळ आहे, एवढं पाहून मी इकडे आले होते.

माझं तोंड वाकडं झालेलं घरमालकिणीने आधी पाहिलं. मनाची चांगली बाई. तिने ओळखीच्या एका माणसाला बोलावलं. त्याने लकव्यावरचं म्हणून कसलंसं तेल उजव्या अंगाला चोळलं, फडकी गुंडाळली आणि पडून राहायला सांगितलं. मी पडून राहिले. विलास कामावरून आला तेव्हा दिवस कलला होता. त्याने मला ऑटोत घालून गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. हे कधी झालं, असं त्यांनी विचारलं. विलास म्हणाला, सकाळी. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. मेंदूला रक्त नेणारी नस बंद पडली आहे, ती मोकळी करायचं औषध पहिल्या काही तासांतच चालतं, हे त्यांनी नंतर विलासला दाराशी नेऊन सांगितलं. मी ऐकत होते. तोंड वाकडं झालं की कानही गेले, असं लोकांना वाटतं.

हे लिहिते आहे, कारण उद्या कोणाच्या तरी घरी असंच होणार आहे. तोंड एका बाजूला ओढलं, हात खाली पडला, जीभ अडखळली, तर तेल नको, झाडपाला नको, संध्याकाळची वाट नको. गाडी बोलवा. माझ्याकडे खात्रीने सांगण्यासारखं एवढंच आहे. पुढचं काहीच तितक्या खात्रीचं नाही.

दाराजवळची खाट

पहिले काही दिवस भीती वाटली नाही, लाज वाटली. नाकात नळी, लघवीला नळी आणि बोलायला गेलं की घशातून निघणारा तो घोगरा आवाज. गावातल्या निम्म्या लोकांना बडबडगीतं मी शिकवली होती. आता पाणी मागायला मला शब्द जुळत नव्हता.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, हिंदी बोलणारी. "अम्मा, उंगली हिलाओ. मन से हिलाओ." मी मनाने हलवायची. बोट तिथेच. ती शाबासकी द्यायची तरी. वॉर्डातली मावशी सकाळी झाडू मारून झाला की न सांगता माझी वेणी घालून जायची. तिच्या हाताला फिनाईलचा वास यायचा. त्या दिवसांतलं चांगलं काय होतं असं कोणी विचारलं, तर मला ती वेणीच आठवते.

भीती नंतर आली. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला सुट्टी झाली होती, पण न्यायला कोणी येत नव्हतं. ती सकाळी पिशवी भरायची, पदर नीट करायची आणि खाटेच्या कडेला बसायची. जेवणाची गाडी आली की पिशवी परत खाली ठेवायची. एके दिवशी ती खाट रिकामी दिसली. मी मावशीला खुणेने विचारलं, कोणी आलं का?

"कोन येते, बाई," मावशी म्हणाली. "तिकडं बेवारस लोकांच्या वॉर्डात नेलं तिले."

त्या दिवसापासून मी दाराकडे पाठ करून झोपायला लागले.

विलासचं घर

माझ्यासाठी विलास आला. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर मला चालणार नाही. दोन खोल्यांचं घर, तो, बायको वैशाली आणि बारावीची मुलगी. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत माझी खाट पडली आणि मुलगी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून अभ्यास करू लागली.

वैशालीने माझं सगळं केलं. सगळं म्हणजे जे कोणी कोणाचं करू नये ते. मला सांगायला जमायचं नाही, चादर ओली व्हायची. ती न बोलता बदलायची. ते न बोलणंच वाढत गेलं. मग नवराबायकोत भांडणं सुरू झाली, हळू आवाजात, पडद्याच्या पलीकडे. एका दुपारी ती माझ्या खाटेशी येऊन बसली. म्हणाली, "आत्या, मी वाईट नाही. पन मी थकून राहिलो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात, "मी थकलो, मी रडलो." ती रडत होती आणि मला तिच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता, कारण ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती.

माझ्या खोलीत घरमालकिणीने दुसरं बिऱ्हाड ठेवलं होतं. तिचं तरी काय चुकलं? मी विलासला म्हटलं, मला कुठेतरी ठेव. कुठे, ते दोघांनाही माहीत नव्हतं. गोंदियातल्या एका संस्थेत जागा नव्हती. दुसऱ्या ठिकाणी चालती-फिरती माणसंच घेत होते. तेव्हा कळलं की घर नसणं म्हणजे रस्त्यावर असणंच लागत नाही. चार भिंतींच्या आत खाटेवर पडूनही माणूस बेघर असू शकतो.

प्रमिलाची युक्ती

माझ्या जुन्या गावात प्रमिला नावाची बाई बचत गटाची अध्यक्ष होती. तिची तिन्ही लेकरं माझ्या अंगणवाडीत वाढलेली. तिला माझं कळलं तशी ती एस.टी.ने कुडव्याला आली आणि विलासच्या घरापुढच्या ओट्यावर बसून तिने आपली युक्ती सांगितली.

गावात घरं रिकामी होत होती. पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला. मागे एकेकटी म्हातारी माणसं, चार-चार खोल्यांत. आणि दुसरीकडे माझ्यासारखी, ज्यांना खोलीच नाही. तिचं म्हणणं, दोघांना एकत्र ठेवा. ज्याच्याकडे घर आहे त्याने छप्पर द्यायचं, ज्याच्याकडे नाही त्याने सोबत द्यायची. गटाच्या बाया पाळीने सकाळ-संध्याकाळ दोघांना पाहून जातील. धान निघाला की घरटी थोडा तांदूळ त्यांच्यासाठी काढायचा. दोन घरं आधीच जुळली होती. एका म्हाताऱ्या जोडप्याने अर्जुनीच्या स्टेशनवर झोपणाऱ्या एका म्हाताऱ्याला घरी आणलं होतं. एका विधवेकडे लेकांनी सोडून दिलेली बाई राहायला आली होती.

"आन तिसरं घर जनाबाईचं," प्रमिला म्हणाली. "तिचे हातपाय धड आहेत, ध्यान नाही, सारं इसरून जाते. तुमचं ध्यान धड आहे. दोघी मिळून एक बाई होऊन जाल."

विलास हसला. वैशाली हसली. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

हात आणि ध्यान

जनाबाई माझ्याहून मोठी. गावात असताना तोंडओळख होती. तिचा मुलगा दिलीप हैदराबादला एका गोदामात कामाला. मायजवळ कोणीतरी असेल म्हणून त्याने फोनवर होकार दिला होता.

तिला जुनं सगळं आठवायचं, आत्ताचं काही नाही. वरणात मीठ घालून झालं की ती पुन्हा मिठाच्या बरणीकडे जायची. मी खाटेवरून म्हणायची, "जनाबाई, मीठ झालं." ती म्हणायची, "झालं का?" आणि बरणी ठेवायची. गॅस बंद कर, दार लाव, गोळी घे, आंघोळ झाली, जेवण झालं. दिवसभर मी तिची आठवण होते आणि ती माझे हात. ती मला उठवायची, न्हाऊ घालायची, धरून सपरीत, पुढच्या ओसरीत, आणून बसवायची. बळ होतं बाईत. आयुष्यभर चिखलात धानाची रोवणी केलेलं अंग.

माझा उजवा हात मेलेला आहे, हे ती रोज विसरायची. लाखोरीच्या शेंगा घेऊन बसली की मूठभर माझ्या उजव्या हातात कोंबायची. "सोल ना, सिंधू. आयतं काऊन बसून राहिली?" मी सांगायची, हा हात चालत नाही. ती म्हणायची, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंगा त्याच हातात. दवाखान्यातली व्यायामाची मुलगी सुटल्यावर त्या हाताला कोणी काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी अंगठ्याखाली शेंग दबली आणि फुटली. मी अंगठ्याकडे पाहत राहिले. जनाबाईला हाक मारली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "एक सोलून का होते?" आणि अजून एक मूठ ठेवली.

ते महिने चांगले होते, हे मला लिहायलाच हवं. मी काठी घेऊन सपरीपासून आंगणापर्यंत चालू लागले. बोलणं जाड होतं, पण जनाबाईला कळायचं. गटाच्या बाया यायच्या, चहा व्हायचा. आजूबाजूच्या गावच्या बाया प्रमिलाकडे विचारायला येऊ लागल्या, आमच्याही गावात असं करता येईल का.

पण तिचं ध्यान जाणं थांबणारं नव्हतं. माझा हात जेवढा येत होता, त्याहून वेगाने ती जात होती. आधी मी सांगितलेलं ऐकायची. मग ऐकून चिडायला लागली. "तू कोन मले सांगनारी? घर कोनाचं व्हय?" मग थोड्या वेळाने माझ्या पायांना तेल लावायला बसायची. मी प्रमिलाला सांगितलं, हिला आता माझ्यापेक्षा धडधाकट माणूस पाहिजे. प्रमिलाने मान हलवली. धडधाकट माणसं सगळी कामाला जाणारी. कोणाला बसवणार?

धानकापणी

कापणीच्या दिवसांत गाव रिकामं होतं. बाया पहाटे डबे घेऊन धानाच्या बांध्यांत जातात ते दिवस मावळताना येतात. पाळी करणाऱ्या बायाही त्याच. त्यांनी कापणी सोडून आम्हाला पाहायला यावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुपारी जनाबाई उठली आणि डोक्यावर पदर घेतला. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "हे तलावावर गेले ना सकाळचे. जेवाले बोलावून आनतो." तिचा नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी म्हटलं, ते येतील, बस. ती बसली नाही. मी काठी शोधली, उठले, दारापर्यंत गेले. उंबऱ्यात पाय अडकला आणि मी सपरीत पडले.

तिथून मी हाका मारल्या. जोरात मारल्या. पण माझी जीभ जाड, आणि पलीकडच्या बांधीत धान काढणीची मशीन चालू होती. रस्त्याने एक मोटारसायकल गेली, त्यावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. म्हातारी बडबडते आहे असं वाटलं असेल. निघून गेला.

मी तशीच पडून होते. ऊन सपरीच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं. मला एकच कळत होतं, की माझं ध्यान शाबूत आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

सिंगाडे काढणाऱ्या लोकांनी तिला संध्याकाळी पाहिलं. तलावाच्या कडेला छातीइतक्या पाण्यात बसली होती, कुडकुडत. त्यांनी उचलून आणली. जिवंत होती. ताप चढला, छातीत कफ झाला, अर्जुनीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दिलीप हैदराबादहून निघाला.

दिलीप

तो भांडायला आला नव्हता. तसा आला असता तर बरं झालं असतं. मायला दवाखान्यातून घरी आणल्यावर तो माझ्या खाटेपाशी पाटावर बसला. डोळे लाल, प्रवासाचे की रडण्याचे कोण जाणे.

"बाई, तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पन माय पान्यात बसली होती आन तुम्ही घरी होत्या. मंग तुम्ही इथं कायले आहात?"

मी डाव्या हाताने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

नातेवाइकांनी त्याच्या कानात आणखीही घातलं होतं. परकी बाई घरात राहिली, घराला तिचं नाव लागेल, उद्या घर सोडणार नाही. तो ते माझ्यासमोर बोलला नाही. त्याने फक्त सांगितलं, की तो मायला घेऊन जातो आहे आणि घराला कुलूप लावावं लागेल. हैदराबादला एका खोलीत तो, बायको आणि दोन लेकरं राहतात. माय कुठे झोपणार, असं मी विचारलं. म्हणाला, "पाहू."

जनाबाई ऑटोत बसायला तयार नव्हती. दिलीपने सांगितलं, बाबूजी तिकडेच आहेत. तेव्हा ती लगेच बसली. मी आंगणात काठी धरून उभी होते. तिने जाताना मागे पाहिलं नाही. पाहील असं मला वाटलं होतं.

कुलूप

घराला कुलूप लागल्यावर समाजमंदिरात गटाची बैठक झाली. मीही होते, माझी खाट तोवर तिथेच आणून टाकली होती. विलासच्या घरी परत जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. तलावाची गोष्ट तालुकाभर झाली होती आणि घर बळकावण्याची गोष्ट त्याहून जास्त. विधवेच्या मुलाने फोन करून सांगितलं की परकी बाई घरात नको. स्टेशनवरच्या म्हाताऱ्याने काही बोलणं व्हायच्या आतच आपलं गाठोडं उचललं आणि परत स्टेशनवर गेला. त्याला सवय होती.

प्रमिला मला आपल्या घरी नेणार होती. तिचा नवरा नको म्हणाला. तिने दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं, मग स्वयंपाकाला लागली. तिने तरी काय करावं? समाजमंदिरात ती सकाळ-संध्याकाळ यायची. एकदा माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "बाई, चुकलो का आपन?"

मी म्हटलं, नाही. मला अजूनही तसंच वाटतं. युक्ती चांगली होती. पण तिच्यात कोणीतरी एक धड माणूस लागत होतं, आणि धड माणसं गावात उरलीच नव्हती. दोन अर्ध्यांचं एक होतं, पण ते फार दिवस पुरत नाही. कोणी कुठे असं काही उभं करत असेल, तर दुपारचा विचार आधी करा. सकाळ-संध्याकाळ लोक येतात. म्हातारं माणूस दुपारी मरतं.

समाजमंदिरात लग्न होतं म्हणून माझी खाट मागच्या पडवीत गेली. थंडीत पडून पाठीला जखम झाली, मग तापही आला. ॲम्ब्युलन्सने मला परत गोंदियाच्या त्याच दवाखान्यात आणलं. वॉर्ड तोच, मावशी दुसरी. खाट मिळाली ती दाराजवळची.

आता

आता मी गोंदियाबाहेरच्या एका आश्रमात आहे. जागा झाली म्हणून घेतलं. म्हणजे कोणीतरी गेलं. मोठा हॉल, दोन्ही भिंतींना खाटा. जेवण वेळेवर, चादर धुतलेली, दारात वॉचमन. कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही. कोणी नावानेही बोलावत नाही, सगळ्या "माताजी". विलास महिन्यातून एकदा येतो, केळी आणतो, थोडा बसतो, मोबाइल पाहतो. वैशाली एकदा आली होती. तिची मुलगी पास झाली.

अंगठा पुन्हा गेला. इथे कोणी त्या हातात काही ठेवत नाही. हे डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर अंगणवाडीतल्या लेकरांसारखं येतं. बरी होईन असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही विचारत नाही. हे वाचणाऱ्याला धीर द्यावा असं वाटलं होतं. पण खोटा धीर मी आजारात फार ऐकला आहे, तो पुढे कसा देऊ?

मागच्या आठवड्यात प्रमिला आली. आंब्याचं लोणचं घेऊन, अर्जुनीला गाडी बदलत. तिने हैदराबादला दिलीपला फोन लावला, तोंड दिसणारा. दिलीपने मोबाइल मायसमोर धरला. जनाबाईचे केस बारीक कापले होते, अंगावर गाऊन होता. गालाची हाडं वर आली होती. मी जमेल तेवढं स्वच्छ बोलले, "जनाबाई, मी सिंधू."

तिने पाहिलं. मग बाजूला मान वळवून म्हणाली, "कोन व्हय रे हे बाई? हिले हिच्या घरी नेऊन दे ना. घरचे वाट पाहून राहिले असतील."

"हो माय," दिलीप म्हणाला. "नेऊन देतो."